वाऱ्याच्या उलट पेटवलेला राब

शेजारच्या शेतातून राब भाजल्याचा, म्हणजे भाताच्या रोपांसाठी शेण-पाला पेटवून जमीन भाजल्याचा वास आला, की माझ्याविषयी पसरलेले एक असत्य मला खोडून काढावेसे वाटते. मला लिहायला मुरबाडच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी शिकवले, असे सत्कारांतून सांगितले जाते. ते साफ खोटे आहे. नव्वदच्या दशकात, शाळेत शिकवत असताना, मी भातरोपांच्या राबावर पहिला लेख लिहिला आणि ओटीवर पत्नीला वाचून दाखवला. तिला अक्षरओळख नव्हती. मी अग्निनारायणाचे तांडव रंगवीत होतो, ती मान खाली घालून सुपातले तांदूळ निवडत होती. मधेच म्हणाली, “गुरुजी, तुमच्या लेखात वारा कुठून येतो?” मी चिडलो, “वाऱ्याचा इथे काय संबंध?” “वाऱ्याच्या अंगानं पेटवलात तर नुसता पाला भुरकन जळंल, माती कच्ची राहील. उलट्या अंगानं पेटवायचा, मंग जमीन हळूहळू भाजते. शेतकऱ्याचं पोर ना तुमी?” दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तांडव काढून टाकले. आधी शेण, पाला, गवत, वर मातीचा थर, मग वारा आणि शेवटी काडी, असे लिहून पुन्हा वाचले. या वेळी तिने सूप खाली ठेवले आणि विचारले, “मंग?” संपादकांनी तो लेख केवळ छापला. ती गेली, तरी आजही लिहिलेले मी ओटीवर मोठ्याने वाचतो, तिच्या त्या एका शब्दासाठी थांबतो, आणि नाइलाजाने पुढचे वाक्य वाचतो.