चकचकमावशी आणि शेवाळ खाणारे मासे

दातांच्या त्या दवाखान्यात पाऊल टाकायच्या आधी माणसं स्वतःच्या चपलांकडे बघून घ्यायची. फरशीच तशी असायची. ती पुसणाऱ्या बाईला सगळे चकचकमावशी म्हणत आणि तिला ते मनापासून आवडायचं. डॉक्टरीणबाईंचे वडील दवाखाना चालवायचे तेव्हापासून तिथली झाडलोट तिच्याकडे होती. घरीही तीच तऱ्हा. "आई, अजून दोन घोट शिल्लक आहेत हो," असं म्हणत सुनेला चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसावं लागे. विसळायला ओढलेला कप मावशी मग सोडायची, पण उभी राहायची तिथेच.

अशा दवाखान्यात एक दिवस काचेची टाकी आली. टाकीवाल्यानं तळाशी माती पसरली, हिरवी रोपं लावली, पाणी भरलं, दिवा लावला आणि हात पुसत तो निघाला.

"आणि मासे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घाई नको. रोपांना मुळं धरू दे, काचेवर शेवाळ येऊ दे. मग शेवाळ खाणारे मासे आणू. आत्ताच सोडले तर बिचारे खातील काय?"

शेवाळ आलं. आधी तपकिरी, मग हिरवट. मावशीचा जीव नुसता वरखाली. अख्ख्या दवाखान्यात एकच घाण वस्तू, आणि तीही दिव्याखाली मांडून ठेवलेली! पण हात लावायचा नाही असं बजावलं होतं, म्हणून ती टाकीला वळसा घालून जायची.

मग टाकीवाला मासे घेऊन आला. बोटाच्या पेराएवढे, तोंडानं काचेला चिकटणारे. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून, थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घालत त्यानं ते हळूहळू सोडले आणि खुशीत म्हणाला, "झालं! आता काच पुसायला माणूस लागायचा नाही."

कोपऱ्यात बादलीवर फडकं पिळणाऱ्या मावशीनं ते ऐकलं. आधीच तिचे गुडघे कुरकुरत होते. गेल्याच महिन्यात फरशी पुसायचं मशीन आलं होतं. आणि आता हे! मशीनचं एक वेळ ठीक, पण पेराएवढे मासे आपल्या पोटावर पाय देणार? तिनं ठरवूनच टाकलं. या दवाखान्यात आपल्या हाताशिवाय काहीही साफ होत नाही, हे दिसलंच पाहिजे.

रोज सकाळी कुणी यायच्या आत ती बाही वर करायची, कोरा स्पंज घ्यायची आणि काच आतून घासायची. साबण नाही हं, तेवढं तिला कळत होतं. मग दगड घासायची. पानंसुद्धा अंगठ्यानं पुसायची. टाकी अशी लखलखायला लागली की डॉक्टरीणबाई येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवू लागल्या, "बघा, काय कामाचे मासे आहेत!"

घासायचं हिनं आणि शाबासकी माशांना! मावशीचं टाळकं सटकलं. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी जोर लावला.

मासे मात्र सुकत चालले. काच घासताना तिचं नाक काचेला लागायचं, त्यामुळे सगळ्यात आधी तिलाच दिसलं. पोटं आत गेलेली. एक जण पानावर नुसता पडून होता. आजारी असेल, तिनं मनाला सांगितलं आणि ते पान तेवढं न पुसता सोडलं. पुढच्या सोमवारी तो उलटा तरंगताना सापडला. तिनं त्याला कागदात गुंडाळून बाहेर नेलं, आणि त्या दिवशी घरी सुनेचा कप उचलायचंही तिला सुचलं नाही.

टाकीवाल्याला बोलावणं गेलं. त्यानं पाणी तपासलं. पाणी उत्तम. तो डोकं खाजवत राहिला.

"आजारी मासे गळ्यात मारलेत तुम्ही," डॉक्टरीणबाई कडाडल्या. "सगळे परत घेऊन जा."

"आजारी नव्हते हो. हे उपासमारीचं लक्षण आहे. पण इतक्या थोड्या माशांनी इतकी टाकी साफ केली कशी, हेच कळत नाही."

तो खरंच रडकुंडीला आला होता. मावशीनं बादली खाली ठेवली.

"त्यांनी नाही केली. मी केली. त्यांचं खाणं मी रोज पुसून टाकत होते."

"पण का?"

"माणूस लागायचा नाही, असं म्हणाले ना हे."

टाकीवाल्यानं जीभ चावली. डॉक्टरीणबाईंचा पारा चढला तो उतरायला थोडा वेळ लागला. "मावशी, तुम्हाला काढायचं असतं तर तोंडावर सांगितलं असतं. त्यासाठी मासे कशाला पाळले असते?" मग त्या म्हणाल्या, "टाकी आजपासून तुमच्याकडे. जगवा त्यांना."

टाकीवाल्यानं काकडीची एक चकती उकडून पाण्यात सोडायला सांगितलं, आणि पुढे काचेला कुणी बोटही लावायचं नाही, हेही.

काच पुन्हा हिरवट झाली. मासे तिला चिकटून राहू लागले आणि त्यांची पोटं हळूहळू भरली. मावशी टाकीसमोरून जाताना हात पाठीमागे बांधून जायची.

एका दुपारी बाकावर माणसं गच्च बसली असताना एक नव्या बाई टाकीजवळ गेल्या. काच बघून त्यांनी नाक मुरडलं.

"शी! इथे साफसफाई होते की नाही?"

इतक्या वर्षांत मावशीला असं कुणी बोललं नव्हतं. तिचे कान लाल झाले. सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. हातात ओलं फडकं होतं आणि काच हातभर अंतरावर होती. एक मासा तिथेच चिकटून तोंड हलवत होता.

"होते की. मीच करते," मावशी म्हणाली. "पण ते जेवतायत अजून."