धाकूच्या जिभेवरचा सोया सॉस

सुगंधा आमच्या खालच्या खोलीत राहते. कांदिवलीत नाक्यावर तिच्या नवऱ्याची, धाकूची, चायनीजची गाडी आहे. होळीनंतर झटका येऊन धाकूची उजवी बाजू गेली आणि कढई सुगंधाच्या हाती आली. घर त्या गाडीवरच चालतं.

भात परतणं तिला जमलं. सोया सॉस जमेना. माहेरी, कणकवलीकडे, रांधणारी बाई देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला काही लावत नाही. आमटीचं मीठ ती उकळीच्या वासावरून ओळखते. सोयाचा वास तिला काहीच सांगेना. धाकूच्या भातासारखा रंग यावा म्हणून ती बाटली ओतत राहायची, आणि त्या खारट सॉसवर हाताच्या सवयीने मीठही टाकायची.

"काकी, गोराईची खाडी ओतलीत काय?" एका रिक्षावाल्याने प्लेट परत ठेवली. बाकीचे हसले.

मीठ बंद केलं, सॉस आखडला, तर भात मिळमिळीत. शेवटी तिने सवय मोडून स्वतः चाखलं. मला म्हणाली, "काका, माझ्या जिभेला ते नुसतं काळं लागतं."

मग गाडी काढण्याआधी ती घरीच थोडा भात परतायची आणि चमचाभर धाकूला भरवायची. डॉक्टरांनी त्याचं मीठ पूर्ण बंद केलं होतं, सोया सॉस तर नकोच. "घोळवायचं आणि थुंकायचं हां," म्हणत ती वाटी पुढे धरायची. तो जीभ ओढत सांगायचा, "ज्यास्त," नाहीतर "कमी." त्या अंदाजावर गिऱ्हाईक परत येऊ लागलं. हल्ली मात्र तो "कमी"च म्हणे. ती सॉस वाढवून पुन्हा भरवायची.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याच्या दंडावरचा पट्टा सोडत विचारलं, "मीठ देता का यांना?"

"कणभर नाही," सुगंधा म्हणाली.

"मग प्रेशर एवढं कसं? दुसरा झटका सोसणार नाही त्यांना."

दुसऱ्या दिवशी मी त्याची औषधं द्यायला खाली गेलो. ती त्याला भरवत होती. हातातली थुंकायची वाटी कोरडी होती.

"थुका," ती म्हणाली.

त्याने तोंड घट्ट मिटलं.

"थुका म्हणते ना. मरूचा आसा काय तुमका?"

त्याने गिळलं. डोळे भरून आले. "तोंडाक चव नाय गे," तो कसाबसा म्हणाला.

"मग कमी म्हणायचात ते खरं होतं, की आणखी चमचा हवा म्हणून?"

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळी गाडीवर तिने चमचा माझ्यापुढे केला. "काका, तुम्ही तरी सांगा."

मी खाल्लं. जन्म पेज आणि सुकटीवर गेलेला माणूस मी. "मला यातलं कळत नाही गं," म्हणालो.

तिने बाटली कढईवर तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली.

"काकी, होतंय ना?" समोरच्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"होतंय," ती म्हणाली आणि बाटली तशीच धरून राहिली. खाली भात करपायला लागला होता.