बिजागरीचा स्क्रू

त्याला सगळे फुंक्या म्हणत. कुठलंही यंत्र उघडण्याआधी त्यावर फुंकर मारायची त्याची खोड. लॅपटॉप असो, रिमोट असो, नाहीतर भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ. गिऱ्हाईक विचारायचं, "मंत्र घालतोस का काय रे?" फुंक्या म्हणायचा, "धूळ काढतोय. मंत्राचे वेगळे पडतील."

दुरुस्तीचं दुकान एवढंसं, पण हाताला गुण होता, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याहून पक्कं ठाऊक होतं ते हे, की आईच्या यंत्राला हात लावायचा तो फक्त आपण. आईची रोपवाटिका होती. कुठल्या वाफ्यात काय पेरलंय, कुणाची रोपं तयार झालीत, सगळं ती एका नेटबुकवर, म्हणजे छोट्या लॅपटॉपवर, टिपायची. ते नेटबुक फुंक्यानेच दोन मेलेल्या नेटबुकांतून उभं केलं होतं; एकाचं धड, दुसऱ्याचं डोकं. आई येईल त्याला सांगायची, "माझ्या लेकाने केलंय." हे वाक्य ऐकायला तो कधी कधी उगाच तिथे रेंगाळायचा.

पण रोपवाटिका उघड्यावर, आणि उन्हात त्या स्क्रीनवर काही म्हणता काही दिसायचं नाही. आई डोक्यावरून गोणपाट घ्यायची, त्याच्या आत नेटबुक धरायची आणि घामाघूम होऊन टिपायची.

"अरे, याचं काहीतरी कर ना."

"सावलीत बस की आई."

"मी बसेन. रोपं कुठे बसतात सावलीत?"

"बघतो," फुंक्या म्हणाला, आणि विसरला.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी तो रोपवाटिकेत गेला, तर शेडमध्ये आईच्या खुर्चीवर दाजी. ताईचे हे यजमान वजनकाट्यांच्या कारखान्यात कामाला. समोर नेटबुक उघडं पडलेलं, आणि त्याचे स्क्रू कुंडीखालच्या बशीत. फुंक्याच्या अंगाचा तीळपापड झाला. आपल्या यंत्राचं पोट फाडून ठेवलंय, आणि तेही एका काटेवाल्याने!

"या मेव्हणे! बरे आलात," दाजी म्हणाले. "आमच्याकडे उघड्यावरच्या काट्यांना एक स्क्रीन लावतात, उन्हात वाचता येणारा. एक शिल्लक होता. मापाने बसला, वायरही तीच निघाली."

"मला नाही सांगितलंत?"

"तुमच्या दुकानात गर्दी असते म्हणाल्या आई."

आई म्हणाली, "उभा का? बस ना." बसायला उपडी बादली होती. जावयाला खुर्ची आणि पोटच्या पोराला बादली.

दाजींनी भराभर स्क्रू लावत आणले, तसं फुंक्याने नेटबुक चालू केलं. शेडमध्ये ते बघून त्याला गुदगुल्या झाल्या. रंगच नाहीत. सगळं राखाडी, उष्ट्या ताटासारखं. "दाजी, मागचा दिवाच मेलाय याचा! आई, ये जरा. बघ, जावईबापूंनी काय करून ठेवलंय ते!"

आई वाफ्याकडे गेली होती. तिला नीट दाखवावं म्हणून फुंक्या झाकण हाताने धरून, नेटबुक घेऊन भर उन्हात आला आणि आपल्याच पायाने फसला. ऊन पडलं तशी अक्षरं वर आली. काळीभोर, कागदावर छापल्यासारखी. जितकं ऊन जास्त, तितकी ठळक.

"दिवा मीच बंद केलाय," मागून दाजी म्हणाले. "याला उन्हाचाच उजेड पुरतो. आत एक थर आहे, तो ऊन परत फेकतो."

आईने वाचलं, मोठ्याने वाचलं, मग डोक्यावरचं गोणपाट काढून कुंपणावर फेकलं. "बाई गं! जावईबापू, काय केलंत हे!" फुंक्याने नेटबुक केलं तेव्हा ती इतक्या जोरात बोलली नव्हती. निदान त्याला तसं आठवलं.

"बिजागरीचा एक स्क्रू तेवढा राहिलाय," दाजी म्हणाले. "हात धुऊन लावतो."

ते नळाकडे गेले. बशीत तो स्क्रू होता, आखूड, चपट्या डोक्याचा. फुंक्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तो खिशात टाकला. पडू दे झाकण. पडलं की आई कुणाला बोलावते बघू.

दाजींनी बशी पाहिली, टेबलाखाली पाहिलं, कुंड्या हलवल्या, माती चाळली. शेवटी म्हणाले, "जाऊ दे. कारखान्यात ढीग आहे, त्यातला एक लावतो."

फुंक्या चपला घालता घालता थबकला. काट्यांचे स्क्रू लांब असणार; त्या भोकात तसला गेला, तर टोक थेट स्क्रीनच्या पाठीत घुसणार. काच तडकणार. एक शब्द बोलायचा होता. त्याने दुसरी चप्पल पायात सरकवली आणि फाटक गाठलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याचा हात चालेना. स्क्रीन तडकला तर दाजींची चांगली जिरेल, असं म्हणायला मन तयार होतं. पण डोळ्यांपुढे यायची ती आई, पुन्हा गोणपाटात शिरलेली. गिऱ्हाईक म्हणालं, "आज फुंकर नाही?" त्याने शटर ओढलं आणि भर दुपारी रोपवाटिका गाठली.

आई उन्हात खुर्ची टाकून बसली होती. नेटबुकचं झाकण कुंडीला टेकवलेलं.

"स्क्रू लावला दाजींनी?"

"नाही बाबा. म्हणाले, बिजागरीचा स्क्रू लांबीला वेगळा असतो, मेव्हण्यांना विचारल्याशिवाय नको. यायचेत आता."

फुंक्याला हायसं वाटलं, आणि लगेच पुन्हा पोटात दुखलं. असल्या माणसाचा धड रागही करता येत नाही!

"ऊठ, मला बसू दे," तो म्हणाला. खुर्चीवर बसून त्याने फुंकर मारली, खिशातून स्क्रू काढला आणि पिळला. झाकण ताठ उभं राहिलं.

"सापडला?" आईने विचारलं.

"हं."

"कुठे?"

"खिशात."

आईने त्याच्याकडे पाहिलं. "काल ते माती चाळत होते रे," एवढंच म्हणाली आणि रोपांकडे वळली.

तेवढ्यात फाटक वाजलं. दाजी. आईची नजर आधी दाजींकडे गेली, मग खुर्चीकडे. फुंक्या खुर्चीत आणखी खोल रुतला आणि स्वच्छ असलेल्या नेटबुकवर पुन्हा एकदा फुंकर मारली.

"अरे वा, लागला वाटतं!" म्हणत दाजींनी बादली उपडी केली आणि आरामात तिच्यावर बसले.

तेही त्याला खुपलं.