एकाच मेंढीचा कळप

आमच्या स्टुडिओत मी सोडून सगळे शांत स्वभावाचे आहेत. सगळे म्हणजे दोघं: एक ॲनिमेशन करणारा आणि एक रेकॉर्डिंग सांभाळणारी. मी गोष्ट लिहिते, आणि काम वेळेत झालं नाही की ओरडते. टॉवेलचे माग काढून टाकलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचं बस्तान आहे. शेजारच्या शेडमधले माग अजून धडधडत असतात, त्यामुळे मी ओरडले तरी फारसं कुणाला ऐकू येत नाही.

डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला की माणूस थेट चित्राच्या आत जाऊन उभा राहतो, मान वळवेल तिकडं तेच जग दिसतं, अशा फिल्म आम्ही करतो. तोवर आम्ही लोकांना फक्त बिल्डरांचे न बांधलेले फ्लॅट फिरवून दाखवले होते. ही पहिली फिल्म आमची स्वतःची होती. मेंढरांच्या कळपात आपण उभे आहोत, शेवटी धनगराची हाळी येते आणि अख्खा कळप आपल्याकडं वळतो, एवढीच गोष्ट. सगळी भिस्त त्या हाळीवर.

हाळी देणार होते जवळच्या वळसंग गावचे एक मामा. जन्मभर मेंढरं राखली, मग गुडघे गेले आणि आदल्या वर्षी कळप विकावा लागला. विकण्याआधी आम्ही त्याचे भरपूर फोटो काढून ठेवले होते. मामांना माईकसमोर बसवलं, तर हाळी काही निघेना.

“कुणाला हाक मारू? हितं मेंढरं कुटं हायत?”

“नुसतं तोंडानं करायचं, मामा.”

“नुसतं कसं येईल, बाई? आदी मेंढरं दावा. माझी असली तर देतो की हाळी.”

मग चष्मा चढवायचं ठरलं. त्यासाठी पटका काढावा लागणार होता आणि पटका निघणार नव्हता. माझा पारा चढायला लागला. शेवटी चष्म्याच्या पट्ट्याला टॉवेलची चिंधी जोडून तो पटक्यावरूनच आवळला. मामांनी चौफेर मान फिरवली. मागं वळून पाहिलं. खाली वाकून पाहिलं.

“ही एकच मेंढी हाय,” ते म्हणाले.

“नाही मामा, साठ आहेत.”

“साठ जागी हुबी हाय, पर हाय एकच. ती कान फाटलेली. लई खोडील व्हती. एकटी आवरंना, आन् तुमी तिच्या साठ केल्या व्हय?”

मी ॲनिमेशनवाल्याकडं पाहिलं. त्याच्या घरात तीन पिढ्या चादरींची डिझाइनं काढतायत. तिथं एक मोर मन लावून काढायचा आणि तोच चादरभर उमटवायचा, ही रीत. त्याच हातानं त्यानं एक मेंढी मन लावून काढली होती. “चादरीवरचे मोर कुणी निरखून बघत नाही,” तो शांतपणे म्हणाला. मी त्याच्यावर खूप ओरडले. खरं तर ती फिल्म मीही शंभरदा पाहिली होती आणि मला साठ वेगवेगळ्या मेंढ्या दिसल्या होत्या.

पुढचे तीन आठवडे मामा रोज दुपारच्या एसटीनं येत. फोटोवर बोट ठेवून सांगत: ही ओढ्यात पडली तवापासनं तिरकी चालती. ही दुसरीच्या तोंडातला पाला वढती. हिच्या कपाळावर पांढरा ठिपका हाय, तो जरा डावीकडं घ्या. संगणक अडला की ॲनिमेशनवाला आपल्या घरच्या तेलुगूत करवादायचा, आणि ठिपका चुकला की मामा आपल्या घरच्या कन्नडमध्ये. कुणाचं कुणाला कळत नव्हतं, पण कळप वाढत होता. महोत्सवाला फिल्म पाठवायची तारीखही जवळ येत होती. मी रोज तारखेकडं बोट दाखवायची आणि मामा रोज एखाद्या शेपटीकडं.

शेवटच्या दिवशी साठावी मेंढी तयार झाली. फिल्म त्याच संध्याकाळी पाठवायची होती. शेजाऱ्यांना विनवून पंधरा मिनिटं माग बंद ठेवायला लावले, तर माग चालवणारेच सगळे आमच्या दारात येऊन उभे राहिले. मामांनी चष्मा चढवला. बोटानं हवेत टोचत हळूहळू मोजायला लागले. मोजून झालं तरी बोट हवेतच होतं. आता पुन्हा एखादी शेपटी काढणार, म्हणून मी दातओठ खात उभी होते.

आणि मामांनी हाळी दिली.

पोटातून निघालेली, लांब, शेवटी जिभेवर थरथरणारी. वरचा पत्रा हलला असं मला आजही वाटतं. त्याच क्षणी, मामांना चष्म्यात दिसतं तेच दाखवणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर साठ माना वळल्या. मामा गुडघ्यांवर हात टेकत खाली वाकले आणि हवेतच कुणाची तरी पाठ चोळायला लागले. मला रडू आलं. दारातली माणसंही नाकं पुसत होती.

मग माझं लक्ष रेकॉर्डिंगवालीकडं गेलं. ती पण रडत होती, दोन्ही हात गालांवर ठेवून. यंत्रावरचा लाल दिवा लागलेलाच नव्हता. बटण दाबायचं राहून गेलं होतं.

मला ओरडायलाही सुचेना. “मामा,” मी हात जोडून म्हटलं, “एकदाच. परत एकदा द्या.”

मामांनी चष्मा काढला, पटका नीट केला आणि माझ्याकडं नवलानं पाहिलं.

“परत कशाला, बाई? आली की सगळी.”