यादीतलं सातवं नाव

स्नेहल उतेकर वरंधच्या वरच्या अंगाला असलेल्या उंबरवाडीची अंगणवाडी सेविका. अंगणवाडी मात्र डोंगराखाली, शाळेजवळ भरायची. माहेर दासगावचं. मतदार यादीचं कामही तिच्याकडेच. कोण अठराचं झालं, कोण वारलं, हे दारोदार जाऊन लिहायचं. वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद, पण मतदानाला मुंबईकर गाडी करून यायचे.

तीन वर्षांपूर्वी दरड कोसळली, तेव्हा वाडीतली सात माणसं गेली. सहा सापडली. कोंडाजीतात्यांची बायको बयाबाई सापडलीच नाही. पुढे मृत्यूचा दाखला मिळाला, तो तात्यांनी पाकिटातून बाहेरही काढला नाही.

लोकसभेच्या आधी यादीची तपासणी निघाली. सहा नावं स्नेहलनं कमी केली. सातव्यासाठी फॉर्म घेऊन ती तात्यांच्या ओटीवर बसली.

"तात्या, सही करा. नियम हाय."

तात्या गवताची पेंढी बांधत होते. हात न थांबवता म्हणाले, "गो स्नेहल, तिला अग्नी नाय देता आला. कुठंतरी नाव ऱ्हाऊ दे तिचं."

सही नसली तरी तिला वर कळवता आलं असतं. तिनं कळवलं नाही. फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला.

मे महिन्यात मतदान झालं. स्नेहल शाळेच्या फाटकाजवळ चिठ्ठ्या देत बसली होती. दुपारी तात्या रांगेत उभे राहिले. त्यांच्यापुढे मुंबईच्या गाडीतून उतरलेली एक पन्नाशीची बाई होती. कुण्या कार्यकर्त्यानं तिच्या हातात चिठ्ठी दिली होती. आत अधिकाऱ्यानं यादीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "दोनशे चौदा. बयाबाई कोंडाजी उतेकर."

पक्षांचे एजंट खाली बघत बसले.

"ही बयाबाई नाय," तात्या म्हणाले. आवाज चढला नव्हता, तरी बाहेर ऐकू आला. "बयाबाई माझी बायको. ती दरडीखाली हाय."

बाईनं पदर पुढे ओढला आणि आल्या वाटेनं निघून गेली. तात्यांनी आपलं मत दिलं आणि ते बाहेर आले. स्नेहल उठून उभी राहिली.

"तात्या, चूक माझी."

"मीच ठेव म्हणलो ना." मग म्हणाले, "नाव कानावर आलं, तर वाटलं, आली ती."

ते वाडीच्या वाटेला लागले.

स्नेहल तशीच आत गेली आणि केंद्राध्यक्षांना म्हणाली, "हे नाव कापायला हवं होतं. मी ठेवलं." महिन्याभरानं खुलासा मागणारी नोटीस आली. घर बंद होतं असं लिही, असं दोघी-तिघी सेविकांनी सुचवलं. तिनं घडलं तेच लिहिलं. तिला लेखी ताकीद मिळाली. काम मात्र तिच्याकडेच राहिलं, कारण एवढं चढून जायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

एका सकाळी तात्या स्वतः अंगणवाडीत आले, दाखल्याचं पाकीट घेऊन. त्यांनी फॉर्मवर सही केली.

"आता कुठंच नाय ना नाव?" त्यांनी विचारलं.

स्नेहलनं दाखला फॉर्मला जोडला. पोरं घरी गेल्यावर ती त्यांना सोडायला वाडीपर्यंत चढून गेली. वाटेत तात्या बयाबाईबद्दलच बोलत होते. लग्नानंतर पहिल्यांदा मत द्यायला ती नवं लुगडं नेसून डोंगर उतरली होती, आणि शिक्का कुणाला मारला ते तिनं त्यांनाही कधी सांगितलं नव्हतं.