शिळं कुठे चालतं

तीन मार्चला इंटरनेटचं बिल आलं, अठरा हजार सहाशे चाळीसचं. घाऊक औषधविक्रीच्या आमच्या पेढीचे हिशेब मी पाहतो. तीस वर्षांत असं बिल हाती आलं नव्हतं. मालकांनी ते टॉर्चताईंपुढे ठेवलं. "पुढचं बिल याच्या निम्म्यावर आलं नाही, तर हे काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल," एवढंच म्हणाले.

टॉर्चताई कंत्राटावर आमचे संगणक सांभाळत. टेबलांखालच्या वायरी पाहायला कमरेला कायम टॉर्च, म्हणून हे नाव पडलं. सासू आणि दोन मुली यांचं घर त्यांच्या एकट्याच्या पगारावर चाले. हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांच्या तोंडून मात्र कधी ऐकलं नाही.

दोन दिवस आकडे पाहून त्या माझ्याकडे आल्या.

"काका, आपले सात काउंटर औषध कंपन्यांच्या संगणकांना दिवसभर एकच विचारत बसतात, भाव काय? आणि गिऱ्हाइकाच्या प्रत्येक बिलाला अख्खी यादी पुन्हा मागवतात. कंपन्यांनी याद्या आता फुगवल्यात, आणि आपली लाइन वापरावर पैसे लावते."

"मग नका मागवू म्हणावं."

"कोणाला म्हणू? प्रोग्राम लिहिणारे गृहस्थ वारले. त्यात आता कोणाला एक अक्षर हलवता येत नाही."

काउंटरला हात लावता येत नाही म्हटल्यावर त्यांनी वाट अडवायची ठरवली. अडगळीतला एक संगणक पुसून काउंटर आणि बाहेरची लाइन यांच्या मधोमध बसवला. याला प्रॉक्सी म्हणतात. काउंटरना त्याचा पत्ताच नसतो. त्यांना वाटतं, आपण थेट कंपनीशी बोलतोय. उत्तर जवळ असलं तर हा तिथूनच देतो, नसलं तर बाहेरून आणून देतो आणि एक प्रत ठेवून घेतो. बँकेचे व्यवहार कुलूपबंद असतात, ते न उघडता पुढे सोडतो. त्याला दोन नेटवर्क कार्डं लागतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. दुसरं ताईंनी पदरचे पैसे घालून आणलं.

तिसऱ्याच दिवशी घोटाळा झाला. काउंटरवरच्या नानांनी पडद्यावर बारा खोकी शिल्लक पाहून एका दवाखान्याला शब्द दिला. ती खोकी कंपनीच्या गोदामातून अर्ध्या तासापूर्वीच गेली होती.

"बाई, तुमचं यंत्र शिळं वाढतंय," नाना सगळ्यांदेखत म्हणाले.

"वाढतंय खरं. चूक माझी. प्रत्येक उत्तर तासभर ठेव, असं मीच सांगितलं होतं त्याला."

"मग काढा ते. जुनं बिल परवडलं."

"काढणार नाही. शिळं कुठे चालतं आणि कुठे नाही, ते मला सांगा."

मग त्या वही घेऊन माझ्या टेबलाशी बसल्या. काउंटर एकूण एक्केचाळीस प्रकारचे प्रश्न विचारत. भाव रोज सकाळी साडेआठला बदलतात, मग दिवसभर नाही. औषधाची माहिती महिनोन्‌महिने तीच. शिल्लक आणि ऑर्डर मात्र दर खेपेला ताजी हवी. तीस वर्षं मी या नोंदी केल्या, पण कोणती गोष्ट कधी बदलते हे मला कोणी विचारलं नव्हतं. दोन दिवसांत यादी पुरी झाली. शिल्लक आणि ऑर्डर यांच्यापुढे त्यांनी 'ठेवायचं नाही' अशी लाल फुली मारली आणि तसं यंत्राला शिकवलं.

पुढचा आठवडाभर नाना शिल्लक पाहिली की हाक मारायचे, "बाई, ताजं आहे ना?"

"वाफाळतंय, नाना. जपून."

धास्ती मला होती. यंत्र बसण्याआधीच्या आठ दिवसांनीच मालकांनी घातलेल्या मर्यादेतली निम्म्याहून जास्त रक्कम खाल्ली होती. ताई रोज संध्याकाळी वापराचा आकडा माझ्या टेबलावर ठेवून जात.

तीन एप्रिलला बिल आलं, नऊ हजार एकशे पाचचं. मालकांनी ते दोनदा वाचलं आणि मला ताईंचं वर्षभराचं कंत्राट टाइप करायला सांगितलं.

दुसऱ्या कार्डाची पावती ताईंकडून हरवली. पावतीशिवाय व्हाउचर मी पास करत नाही, तेही केलं नाही. जूनअखेर मी निवृत्त होतोय. ताईंचे साडेसहाशे पेढीकडून अजून यायचे आहेत.