कण्याआडची रक्तवाहिनी

गिरकी माझ्या नजरेत पहिल्यांदा भरली ती सातवीच्या वर्गात. मी श्वसनाचा धडा शिकवत होते. सगळ्यांच्या माना पुस्तकात होत्या आणि ही मात्र मिटलेल्या पुस्तकाची कड डोळ्यांजवळ धरून अंगठ्यानं पानं फर्रकन सोडत होती. पानांच्या त्या कडेवर तिनं शाईनं स्वतःचं नाव लिहिलं होतं. मुलं लिहितातच तसं.

मी जवळ जाऊन उभी राहिले. "काय चाललंय?"

"बाई, एकेका पानावर नुसता ठिपका आलाय," पुस्तक माझ्यापुढे धरून ती म्हणाली. "सगळी पानं मिटली की नाव होतं. आणि हळूहळू सोडली की ठिपका चालतो. बघा ना."

"बघितलं. आता दोन ठिपक्यांच्या मध्ये जे छापलंय तेही वाच जरा."

वर्ग हसला. तीही हसली आणि पुस्तक उघडून वाचायला लागली. ओशाळणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

गिरकी हे नाव मैत्रिणींनी ठेवलेलं. कुठलीही वस्तू हातात आली की ती उलटून, फिरवून, खालून बघायची. वस्तू फिरवता येण्याजोगी नसली तर स्वतःच तिच्याभोवती फिरायची. चित्रकलेच्या तासाला टेबलावरची सुरई सगळ्यांनी बसल्या जागेवरून काढली. ही आधी उठून सुरईच्या मागे जाऊन आली. "मागची बाजू चित्रात कुणाला दिसणार आहे?" असं चित्रकलेच्या सरांनी विचारलं, तर म्हणाली, "मला माहीत असलेली बरी."

तिची आई शिलाईकाम करायची. पालकसभेला आली तेव्हा मी हा किस्सा सांगितला. "आमच्याकडे कपडा आधी उलटा करून बघतात, बाई," आई म्हणाली. "सुलटा काय, कुणालाही छान दिसतो. तीच खोड पोरीला लागली." बोलता बोलता तिचं लक्ष माझ्या बाहीच्या उसवलेल्या शिवणीकडे गेलं, आणि पिशवीतून सुई काढून तिनं ती शिवण तिथेच घातली. मुलीच्या मार्कांबद्दल विचारायचं दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

पुढे मी निवृत्त झाले. माझ्या धाकट्या भावाच्या किडन्या निकामी झाल्या आणि त्याचा निम्मा आठवडा डायलिसिसच्या मशीनला जोडून पडून राहण्यात जायला लागला. माझ्या भावजयीनं एक दिवस जेवताना जाहीर केलं की ती आपली एक किडनी देणार.

भाऊ म्हणाला, "अगं, काहीतरीच काय. मशीनवर बरं चाललंय माझं."

"अहो, तुम्ही मागितलेलं मी आजवर काही दिलं नाही. न मागता देतेय तर घ्या की मुकाट्यानं."

तिच्या तपासण्या झाल्या, सगळं जुळलं. शेवटची मोठी तपासणी स्कॅनची होती. कुठली किडनी काढायची आणि तिला रक्त नेणाऱ्या वाहिन्या किती आणि कशा आहेत, हे डॉक्टरांना त्यातून बघायचं होतं. एकच वाहिनी असली तर काम सरळ. जास्त असल्या तर त्या आधी ठाऊक असाव्या लागतात. नाहीतर ऐन ऑपरेशनमध्ये न दिसलेली वाहिनी कापली गेली तर देणारीचं रक्त वाहतं आणि घेणाऱ्याच्या वाट्याला अर्धी मेलेली किडनी येते. हे सगळं डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलं होतं.

स्कॅनच्या विभागाबाहेर बाकावर बसायला जागा शोधत होते, तेवढ्यात मागून आवाज आला. "बाई, तुम्हीच ना?"

निळा कोट घातलेली, केस वर बांधलेली गिरकी. चाळिशीला टेकलेली असावी, पण मान तशीच एका बाजूला कललेली. मी म्हटलं, "मागून कसं ओळखलंस?"

"फळ्याकडे तोंड करून तुम्ही इतकी वर्षं उभ्या होतात. आम्हाला तुमची पाठच जास्त पाठ आहे."

भावजय आत गेली होती तेवढ्या वेळात तिनं मला स्वतःचं सगळं सांगून टाकलं. विज्ञानाची पदवी, मग एक्स-रेचा अभ्यासक्रम, मग बरीच वर्षं लोकांना मशीनमध्ये झोपवून 'श्वास घ्या, धरा, सोडा' म्हणण्याचं काम. आता तिला स्कॅनची त्रिमिती चित्रं करणाऱ्या खोलीत घेतलं होतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. "तो माणसांना मजल्यामजल्यानं वर-खाली नेतो आणि मी माणसांच्या आत मजल्यामजल्यानं वर-खाली जाते," ती म्हणाली. आई तिच्याकडेच राहते आणि घरी येणाऱ्यांना बजावते, हिला रस्ता विचारू नका. कारण स्कॅनच्या पडद्यावर माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे दिसतो, समोर उभं राहून बघावं तसा. दिवसभर तसं बघून गिरकी घरीही डावीकडे वळायच्या जागी उजवीकडे सांगते.

भावजय बाहेर आली ती हसतच. "वन्सं, शिरेतून औषध सोडलं आणि अंगातून अशी ऊन लाट गेली. या वयात लाजले की काय मी, असं वाटलं."

"सगळ्यांना वाटतं, काकू," गिरकी म्हणाली. "पैलवान असले तरी लाजतात. चहा घेऊन या, मग तुम्हाला आतून कशा दिसता ते दाखवते. बाईंनी मला फुप्फुस शिकवलं, मी त्यांना किडनी शिकवते."

आम्ही परतलो तेव्हा तिनं स्वतःची खुर्ची भावजयीला दिली आणि मला स्टुलावर बसवलं. खोलीला खिडकी नव्हती. गार हवा, मंद उजेड, दोन मोठे पडदे आणि माउसच्या खाली झिजून गुळगुळीत झालेला कापडाचा तुकडा. एका पडद्यावर चार चौकोन होते. पहिल्यात माणूस आडवा कापल्यासारखा दिसत होता, दुसऱ्यात समोरून, तिसऱ्यात बाजूनं, आणि चौथ्यात काळ्या आकाशात तरंगावं तसं एक झळझळीत चित्र होतं. मधोमध जाडशी लाल नळी, तिला दोन्हीकडे फुटलेल्या फांद्या, आणि फांद्यांच्या टोकांना दोन किडन्या.

"या तुम्ही," गिरकी म्हणाली. माउस धरून तिनं ते चित्र गर्रकन फिरवलं. किडन्या आमच्याकडे पाठ करून परत समोर आल्या.

"बाई गं," भावजय म्हणाली. "माझी हाडं कुठे गेली?"

"काढून टाकली. हाडं असली की वाहिन्या झाकल्या जातात. डॉक्टरांना दुपारच्या बैठकीत हे चित्र हवं होतं, त्यांची घाई होती. मघाशीच पाठवलं. बघा, दोन्हीकडे एकेकच वाहिनी. डावीची रक्त परत नेणारी शिर लांब असते, म्हणून डावी किडनी काढायचं ठरवतील."

"आणि हे काळं-पांढरं काय?" मी आडव्या कापाच्या चौकोनाकडे बोट केलं.

"खरा स्कॅन तोच. कडेवर नाव लिहिलेल्या पुस्तकासारखं समजा. हे एकेक पान. पानावर वाहिनीचा नुसता ठिपका दिसतो. कॉम्प्युटर सगळी पानं मिटून देतो, तेव्हा नाव वाचता येतं." तिनं माउसचं चाक बोटानं हळूहळू ओढायला सुरुवात केली. "चला, वरून खाली जाऊ. हे यकृत. इथून किडनी सुरू झाली. हा मोठा गोल म्हणजे मुख्य वाहिनी. आता त्यातून फांदी निघेल, ही बघा निघाली, आणि किडनीत गेली."

चाक फिरत राहिलं. पांढऱ्या गोलाच्या शेजारी एक बारका ठिपका आला. पुढच्या पानावर तो किंचित सरकला. गिरकीचं बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. ठिपका कण्याच्या कडेकडेनं चालत किडनीच्या खालच्या टोकाशी पोचला.

तिनं चौथ्या चौकोनातलं झळझळीत चित्र फिरवून बाजूनं धरलं, मग मागून. तो ठिपका त्यात कुठेच नव्हता.

"काकू," ती म्हणाली, "मघाशी दाखवलेलं चित्र चुकीचं आहे. डावीकडे दोन वाहिन्या आहेत. चूक माझ्या हातून झालीय. मी आधी डॉक्टरांना फोन करते, मग तुम्हाला सांगते."

फोन तिनं आमच्यासमोरच लावला. सर्जन मोठ्या आवाजाचे गृहस्थ होते, त्यांचं बोलणं स्टुलापर्यंत ऐकू येत होतं.

"सर, मघाशी पाठवलेलं चित्र वापरू नका. डावीकडे खालच्या टोकाला दुसरी वाहिनी आहे. कणा काढताना माझ्याकडून ती उडाली."

"आत्ता सांगतेस? मी सगळ्यांना दाखवून, डावी म्हणून ठरवून बसलोय."

"म्हणूनच आत्ता सांगतेय, सर. ऑपरेशन झाल्यावर सांगून काय उपयोग होता?"

पलीकडून आवाज आला, "रिपोर्ट लिहिताना आपल्या डॉक्टरीणबाईंना दिसलं असतंच की ते."

"नक्की दिसलं असतं. त्या पानं बघूनच लिहितात. पण त्यांना दिसेल म्हणून मी गप्प बसू का?"

"गप्प बसणाऱ्यांपैकी तू नाहीस, ते दिसतंय. येतो मी."

फोन ठेवून ती आमच्याकडे वळली. चूक कशी झाली ते तिनं सरळ सांगितलं. कणा काढून टाकायला पडद्यावर कात्रीसारखं एक हत्यार असतं. चित्र बाजूनं धरायचं आणि नको त्या भागाभोवती रेघ ओढायची. ती कात्री वरच्यावर कापत नाही, चित्राच्या आरपार जाते. "पुस्तकाच्या कव्हराला खिडकी पाडायला जावं आणि शेवटच्या पानापर्यंत भोक पडावं, तसं. मी उजव्या बाजूनं बघत होते. वाहिनी कण्याच्या पलीकडे, डावीकडे. कण्याबरोबर तीही गेली. एरवी कापून झालं की पानं पुन्हा खालपर्यंत बघते, मगच पाठवते. आज आधी पाठवलं आणि बघायचं मागे ठेवलं."

मी भावजयीकडे बघितलं. मला वाटलं, आता ही उठेल आणि म्हणेल, चला घरी. कुणी तिला नावं ठेवली नसती. भाऊ तर वाटच बघत होता.

भावजयीनं विचारलं, "उजवीकडेही असं काही उडालंय का?"

"आत्ता बघते. तुमच्यासमोर बघते."

तिनं चाक वरपासून फिरवायला सुरुवात केली. या वेळी ती काही समजावत नव्हती. पानामागून पान गेलं. अर्ध्यात ती मागे जाऊन पुन्हा आली आणि मला वाटलं, झालं. पण ती फक्त खात्री करत होती. किडनी संपली, खालचं आतडं आलं, तेव्हा तिनं बोट उचललं.

"उजवीकडे एकच. शिर थोडी आखूड आहे, ते सर बघतील. पण रक्त नेणारी वाहिनी एकच."

"मग आता चित्र पुन्हा काढणार कोण?"

"तुम्ही म्हणाल तर दुसऱ्या कुणाला बसवते. राग नाही यायचा मला."

"दुसऱ्याला कशाला? त्याची चूक मला कोण सांगणार?" भावजय खुर्चीत जरा मागे टेकून बसली. "तूच काढ. मी इथेच बसते. माझीच किडनी आहे, बघायला काही तिकीट नाही ना?"

गिरकी हसली. मग तिनं कात्रीला हात न लावता एकेक वाहिनी बोट ठेवल्यासारखी टिपून, पानापानावरून तिचा माग काढत चित्र पुन्हा उभं केलं. वेळ लागला. मध्येच सर्जन येऊन तिच्या मागे उभे राहिले. तिनं त्यांना डाव्या बाजूची ती बारीक वाहिनी सगळीकडून फिरवून दाखवली. ते वाकून बघत राहिले.

"उजवी घेऊ," ते शेवटी म्हणाले. "आखूड शिरेचं माझ्यावर सोड." मग भावजयीला म्हणाले, "घाबरलात का?"

"घाबरले ना. पण आता कशाला घाबरायचं ते तरी नीट माहीत आहे."

घरी आल्यावर भावाला हे सगळं सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "ताई, तू सांग. थांबवू का हे?"

"मला काय विचारतोस? ती स्वयंपाकघरात आहे, तिला विचार."

तो आत गेला. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. भांड्यांचे आवाज थांबले, मग पुन्हा सुरू झाले. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "उजवीचंच ठरलंय म्हणे."

ऑपरेशन पार पडलं. किडनी टेबलावरच काम करायला लागली, असं सर्जन बाहेर येऊन सांगून गेले. उजवीकडे वाहिनी एकच निघाली. भावजयीनं शुद्धीवर आल्यावर आधी पाणी मागितलं आणि मग विचारलं, "यांचं कसं आहे?" पलीकडच्या खोलीतून भावानं निरोप धाडला की झकास आहे, आणि आता काही न मागता देऊ नकोस.

भाऊ मशीनपासून सुटला. गोळ्या मात्र रोजच्या आहेत, आणि त्या वेळेवर दिल्या जातात.

गिरकी आता त्या खोलीची प्रमुख आहे. किडनी देणाऱ्यांची चित्रं तिच्याच हातून जातात. ती त्या चित्रांतून कणा पुरता कधीच काढत नाही, फिकट करून मागे तसाच ठेवते. चित्र पूर्वीसारखं झळझळीत दिसत नाही म्हणून सर्जन अधूनमधून कुरकुरतात.